कोंबडी मलूल झाली तर आधी काय करायचं (आमच्याकडनं कोंबड्या नेणाऱ्यांसाठी)

आमच्याकडनं पाच-दहा गावरान नाहीतर गिरिराज, कावेरी जातीच्या कोंबड्या नेलेल्या लोकांचा फोन आला की निम्म्या वेळा एकच प्रश्न असतो, "कोंबडी गप्प बसलीय, कुठली पावडर देऊ?" पावडर आम्ही विकतो, धंदाच आहे आमचा, पण पहिल्या दिवशी पावडर मागायला येऊच नका असं आम्ही दुकानात सांगतो आणि तेच इथं लिहून देतोय. घरच्या कोंबडीला पहिल्या दिवशी लागते ऊब, पाणी आणि वेगळी जागा. औषध कुठलं ते नंतर, आणि ते डॉक्टर सांगणार, आम्ही नाही.

कोंबडी दुखणं लपवते. अशक्त दिसली तर बाकीच्या टोचून हैराण करतात, त्यामुळं ती शेवटपर्यंत दाणे टिपल्यासारखं करत राहते आणि आपल्याला ती पिसं फुगवून कोपऱ्यात दिसते तेव्हा आजार बऱ्याचदा दोन-चार दिवस जुना असतो. म्हणून उद्या बघू म्हणू नका, त्याच संध्याकाळी पकडा.

पण थांबा, आधी ती खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, तर नाही ना ते बघा. दर उन्हाळ्यात कोणीतरी खुडूक कोंबडी पिशवीत घालून आमच्याकडं घेऊन येतंच. खुडूक कोंबडी पण फुगून बसते, खात नाही, पोटाची पिसं उपटते, पण हात घातला की फुत्कारते, चावते, आणि दिवसातनं एकदा उठून गपागप खाऊन भलीमोठी घाण करून परत जाऊन बसते. आजारी कोंबडी हात घातला तरी डोळे मिटून राहते. फरक लगेच कळतो.

आता आजारीच आहे असं ठरलं तर पुठ्ठ्याचा मोठा खोका किंवा डालगं घ्या, खाली भुसा नाहीतर पेपर टाका. पेपर बरा, कारण विष्ठा दिसते. थंडीपावसात एका बाजूला ४० किंवा ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब लावा, एका बाजूलाच, म्हणजे गरम झालं तर तिला सरकता येईल, आणि बल्ब पुठ्ठ्याला टेकू देऊ नका. अंग गरम लागतंय म्हणजे ताप आहे असं धरून माणसाची गोळी कुटून देतात लोक, ते अजिबात नको. कोंबडीचं अंग मुळातच ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, चांगल्या कोंबडीला हात लावा, ती पण गरमच लागेल.

पाणी महत्त्वाचं. ओआरएसचं पाकीट पाकिटावर लिहिलंय तेवढ्या पाण्यात कालवून एक-दोन दिवस द्या, शेजारी साधं पाणी पण ठेवा. स्वतःहून पीत नसेल तर चोचीच्या कडेला थेंब-थेंब सोडा, ती आपणहून गिळते. सिरिंज घशात घालून पिचकारी मारू नका, कोंबडीच्या जिभेच्या मागं लगेच श्वासनळीचं तोंड असतं, पाणी फुफ्फुसात गेलं की चांगली होणारी कोंबडी आपल्या हातानं जाते. खायला मऊ भात, उकडलेलं अंडं कुस्करून, नाहीतर नेहमीचंच खाद्य पाण्यात भिजवून.

मग पेपर बघा. घट्ट तपकिरी आणि वर पांढरी टोपी, ही नॉर्मल. मधनंच एखादी काळपट, चिकट, घाण वासाची येते, ती पण नॉर्मल आहे, त्यावरनं घाबरून फोन नको. रक्त दिसलं तर, विशेषतः पिल्लांत आणि पावसाळ्यात ओल्या भुश्यावर, रक्ती हगवण असू शकते, त्याला थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. हिरवट पातळ आणि जोडीला मान वाकडी होत असेल तर त्याचं खाली लिहिलंय.

सकाळी खायला घालायच्या आधी गळ्याखाली उजव्या बाजूला हात लावा, तिथं खाल्लेलं साठायची पिशवी असते, क्रॉप म्हणतात. रात्रभरात ती रिकामी व्हायला हवी. सकाळीपण दगडासारखी टणक लागली तर लांब गवत, सुतळी, प्लॅस्टिक असलं काहीतरी अडकलंय, आणि पाण्याच्या फुग्यासारखी लागून तोंडाला आंबूस वास येत असेल तर आत आंबलंय. उलटं धरून ओकायला लावायचं यूट्यूबवर दाखवतात, करू नका, त्यात गुदमरून मरतात. तसंच छातीचं मधलं हाड चाचपा, सुरीसारखं हाताला लागत असेल तर ती बरेच दिवसांपासून खात नाहीये.

जखमेचं जरा वेगळं आहे. मुंगूस, कुत्रा, मांजर यांनी धरलेली कोंबडी वरनं ठीक दिसते, दोन पिसं गेलीत एवढंच, पण पंखाखाली आणि पाठीवर पिसं बाजूला करून बघितलं की दाताची भोकं सापडतात. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड पाच मिनिटं दाबून धरा, सारखं उचलून बघू नका. मग एक लिटर पाणी उकळून कोमट करा, त्यात दीड छोटा चमचा मीठ घाला आणि त्यानं जखम धुवा, आजूबाजूची पिसं कात्रीनं कापा (उपटू नका, कातडी कागदाइतकी पातळ असते, फाटते), वर पोव्हिडोन आयोडीन पाण्यात कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावा. हळद लावली तर आम्ही काही म्हणत नाही, पण चुना, रॉकेल, बॅटरीची पूड असलं काही नको. दात लागलेले असतील, त्यातनं मांजराचे तर नक्कीच, दुसऱ्या दिवसापर्यंत डॉक्टरला दाखवा, कारण भोक बारीक असलं तरी आत पू होतो. आणि माश्या! पावसाळ्यात उघड्या जखमेत एका दिवसात अळ्या पडतात, म्हणून खोक्यावर मच्छरदाणीचा तुकडा टाका. रक्त दिसलं की बाकीच्या कोंबड्या तिथंच टोचत राहतात, त्यामुळं खपली धरून पिसं यायला लागेपर्यंत तिला त्यांच्यात सोडायचं नाही.

अंडं अडकलं असेल तर कोंबडी सरळ उभी राहून शेपूट खालीवर करते, जोर लावते, काही येत नाही. पोटापर्यंत बुडेल इतक्या कोमट पाण्याच्या टबात १५-२० मिनिटं बसवा, मग पुसून उबेला, अंधारात ठेवा. आतलं अंडं दाबून फोडायला जाऊ नका. संध्याकाळपर्यंत नाही आलं तर दवाखाना.

उन्हाळ्यात चोच उघडी टाकून धापा टाकत पंख लांब धरून उभी असेल तर तिला बल्बबिल्ब नको. सावलीत न्या, पाय साध्या पाण्यात बुडवा, खुराड्याला ओलं गोणपाट बांधा. बर्फाचं पाणी अंगावर ओतू नका.

एकापाठोपाठ दोन-तीन कोंबड्या गेल्या, मान पिरगळली, पाय लुळे पडले, हिरवी हगवण, तर मानमोडी म्हणजे राणीखेत समजा. याला औषध नाही, लसच आहे. पहिली पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा डोळ्यात किंवा नाकात थेंब, नंतर आठव्या आठवड्याच्या आसपास आर-टू-बीचं इंजेक्शन. पिल्लं नेताना आम्ही विचारतो ना लस करणार का, ते याच्यासाठी. अशी मर लागली तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा नाहीतर जनावरांच्या दवाखान्याच्या १९६२ या हेल्पलाइन नंबरला फोन लावा. लपवू नका. २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नंदुरबारच्या नवापुरात पोल्ट्रीत सापडला होता, तेव्हा हे काही लांबचं नाही. मेलेली कोंबडी ओढ्यात, उकिरड्यावर टाकू नका, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. आणि मरायच्या आधी कापून खाऊ हा विचार तर डोक्यातनंच काढा. आजारी कोंबडीला हात लावल्यावर साबणानं हात धुवा, पोराबाळांना लांब ठेवा, चांगल्या कोंबड्यांना आधी खायला घाला आणि आजारीकडं शेवटी जा.

अँटिबायोटिक डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय आमच्याकडं मिळणार नाही, कितीही ओळख असली तरी. कोलिस्टिन तर २०१९ पासून खाण्याच्या जनावरांसाठी बंदच आहे. डॉक्टरांनी दिलं तर किती दिवस अंडी खायची नाहीत ते तिथंच विचारून घ्या, ती अंडी शेजाऱ्यालाही देऊ नका.

बरी झाल्यावर परत सोडताना भर दुपारी सोडू नका, मारामारी होते. दोन-तीन दिवस जाळीपलीकडनं एकमेकींना दिसतील असं ठेवा, मग संध्याकाळी सगळ्या खुराड्यात बसल्यावर आत ठेवा.

आम्हाला व्हॉट्सअ‍ॅप करायचं असेल तर नुसता कोंबडीचा लांबून काढलेला फोटो नको, त्यातनं काही कळत नाही. विष्ठेचा उजेडातला फोटो, वय, लस झाली का, शेवटचं अंडं कधी दिलं, बाकीच्या किती आणि त्या कशा आहेत एवढं पाठवा. रविवारी दुकान बंद असतं पण मेसेज बघतो.