१९७२ साली घोडे गेले कुठे?

जुन्या अमेरिकन मसल कार, म्हणजे दणकट इंजिनाच्या वेगवान गाड्या, हौसेने पाळणाऱ्यांत एक समज पक्का रुजलाय: १९७२ च्या गाड्या म्हणजे खच्ची केलेल्या, एका वर्षात शंभरेक अश्वशक्ती गायब. पुरावा म्हणून जनरल मोटर्सच्या शेव्हेल एसएस गाडीचं ४५४ घनइंची इंजिन पुढे करतात. १९७१ ला ३६५, १९७२ ला २७०.

आकडे खरेच आहेत, फक्त मापं दोन वेगळी आहेत. पूर्वी इंजिन नुसतंच टेबलावर चढवून मोजायचे. एअर फिल्टर नाही, अल्टरनेटर नाही, सायलेन्सर नाही. याला म्हणायचे ग्रॉस. १९७२ पासून अमेरिकन कंपन्या नेट आकडा देऊ लागल्या, म्हणजे गाडीत बसवल्यावर असतं तसं सगळं लटांबर लावून. जनरल मोटर्सने १९७१ ला दोन्ही आकडे छापले होते. त्याच ३६५ चा नेट आकडा होता २८५. म्हणजे खरी घट पंधराची! पैलवानाला आधी लंगोटावर आणि मग ओव्हरकोटासकट पळवण्यासारखंच हे.

खरा फटका वर्षभर आधीच बसला होता. कमी शिशाच्या पेट्रोलसाठी १९७१ लाच याच इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोलचं मिश्रण किती पट दाबलं जातं ते, १०.२५ वरून ८.५ वर आणलं गेलं; दाब कमी, तर ताकदही कमी. तेव्हा तेलसंकटाला बोल लावण्यातही अर्थ नाही. ते आलं ऑक्टोबर १९७३ मध्ये.

त्यामुळे '७१ चांगली, '७२ टाकाऊ म्हणत जास्त पैसे मोजणाऱ्यांची मला गंमत वाटते. कॉम्प्रेशन वाढवायला पिस्टन किंवा हेड बदलायचेच असतील, तर ते दोन्ही गाड्यांत बदलावे लागतील.