कासाने गावातील वन्यप्राण्यांचा वावर

कासाने हे बोट्स्वानाच्या ईशान्य टोकाला, चोबे नदीच्या दक्षिण काठावर वसलेले छोटे गाव. २०११ मध्ये त्याची लोकसंख्या सुमारे ९,००० होती. पश्चिमेला चोबे राष्ट्रीय उद्यान, पाठीशी राखीव वन आणि पुढ्यात नदी अशा चिंचोळ्या पट्टीत ते वाढले. उद्यानाला कुंपण नाही. जनावरे गावात शिरतात, यापेक्षा त्यांच्या पाणवठ्याच्या वाटेवर गाव बसले, हे म्हणणे जास्त खरे.

दिवसा रस्त्यावर हमखास दिसतो तो वॉर्टहॉग, म्हणजे तोंडावर मांसल गाठी असलेले आफ्रिकी रानडुक्कर. पुढचे गुडघे टेकून तो दुकानांसमोरची, कचेऱ्यांच्या आवारातली हिरवळ खात असतो. गाड्यांना तो बिचकत नाही आणि माणसेही त्याच्याकडे वळून पाहत नाहीत. पाहतात ते पर्यटक. बबून माकडांचे मात्र कोणाला कौतुक नाही. उघडी खिडकी किंवा बिनझाकणाची कचराकुंडी त्यांना पुरते.

हत्तींचे गणित वेगळे. देशात सुमारे १,३०,००० हत्ती असून त्यांतले बहुतेक उत्तरेकडे आहेत. पावसाळ्यात ते आत दूरवर पांगतात. मे–जूननंतर रानातली डबकी आटू लागली की कळप नदीकडे सरकतात आणि ऑक्टोबरपर्यंत काठ गजबजलेला असतो. वस्तीमधून नदीपर्यंत जाण्यासाठी काही मोकळ्या पट्ट्या राखल्या आहेत. हत्ती त्या मुख्यतः रात्री वापरतात, म्हणून अंधार पडल्यावर पायी फिरणे स्थानिक लोक टाळतात. नदीकाठच्या आवारांत रात्री पाणघोडेही चरायला येतात. जिल्ह्यातील शेतकऱ्यांना हत्तींनी नासवलेल्या पिकाची सरकारी भरपाई मिळते. काही जण हत्तीच्या शेणात मिरची कालवून केलेल्या विटा शेताच्या कडेने जाळतात. त्या धुराने हत्ती बिथरून मागे फिरतात.

हत्तीचा धोका डोळ्यांना दिसतो, पट्टेदार मुंगसाचा दिसत नाही. या मुंगसांच्या टोळ्या कचऱ्यावर आणि घरांभोवती पोट भरतात. त्यांच्यात पसरलेल्या क्षयाचा मायकोबॅक्टेरियम मुंगी हा जंतू याच भागात सापडला आणि २०१० मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. माणसाचा क्षय श्वासावाटे पसरतो. हा जंतू मुंगसांच्या गंधग्रंथींच्या स्रावातून आणि नाकावरील जखमांतून पसरतो. एकमेकांना हुंगून ओळखणे ही मुंगसांची रोजची रीत असल्याने काही टोळ्या त्यात जवळजवळ संपल्या.