निदानाआधी लक्षणं मोजायची का? लष्करी साथनोंदीची पार्श्वभूमी

साताऱ्यात घराघरांतून फौजेत माणसं गेलेली गावं आहेत; अपशिंगे तर ‘मिलिटरी’ याच नावानं ओळखलं जातं. पलटणीत आलेली साथ इथे परक्याची बातमी नसते. १९१८ चा इन्फ्लुएन्झा छावण्यांतून आणि सैनिकांच्या जहाजांतून कसा पसरला, ते सांगायला नको.

लक्षणांवरून साथ लवकर हेरण्यासाठी लष्करात संगणकावर ठेवलेली नोंद मात्र १९९९ पासूनची. वॉशिंग्टन परिसरातल्या अमेरिकी लष्करी दवाखान्यांत डॉक्टर रुग्ण तपासून प्राथमिक निदानाचा संकेतांक टाकत. ते संकेतांक श्वसन, जुलाब-उलट्या, पुरळ अशा गटांत विभागून रोजचा आकडा नेहमीच्या आकड्याशी ताडला जाऊ लागला. सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेवरच्या हल्ल्यांनंतर या पद्धतीचा विस्तार झाला.

वाद पेटला तो यावरच. प्रयोगशाळेचा निकाल हाती नसताना नुसत्या लक्षणांवरून इशारा द्यायचा का? श्वासावाटे झालेला अँथ्रॅक्स (जिवाणूंमुळे होणारा जीवघेणा आजार) सुरुवातीला फ्लूसारखाच दिसतो, निकालाची वाट बघेपर्यंत रुग्ण हातचा जातो, असं एका बाजूचं म्हणणं. दुसरी बाजू त्याच २००१ चा दाखला देते: अमेरिकेत टपालातून आलेल्या अँथ्रॅक्सनं २२ जण आजारी पडले, ५ दगावले, पण पहिला रुग्ण ओळखला तो फ्लोरिडातल्या एका डॉक्टरनं, मणक्यातलं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून. २००९ चा नवा फ्लूही अमेरिकेत आधी कळला तो दक्षिण कॅलिफोर्नियातल्या दोन मुलांच्या नमुन्यांवरून.

दाखले खरे आहेत, पण ते या पद्धतीवर अन्याय करतात. एकटादुकटा रुग्ण हुडकणं हे तिचं काम नव्हेच. भरती केंद्रातल्या एकाच बराकीतली पोरं दोन दिवसांत जुलाबानं आडवी झाली, की ती उपयोगी पडते. अट एकच: इशारा मिळताच कुणीतरी लंगरमध्ये जाऊन पाण्याची टाकी उघडून बघायला हवी, नमुने घ्यायला हवेत. वादाच्या भरात हा भाग कायम मागे पडला.

आपल्याकडे नागरी बाजूला नोव्हेंबर २००४ मध्ये साथींवर नजर ठेवणारी देशव्यापी योजना (आयडीएसपी) आली. महाराष्ट्र पहिल्याच टप्प्यात होता. तिच्यात फॉर्म तीन: लक्षणांवरून आरोग्यसेविकेचा एस, संशयित निदानाचा वैद्यकीय अधिकाऱ्याचा पी आणि प्रयोगशाळेचा एल. लक्षण की निकाल, असं भांडत न बसता दोन्हींना जागा दिली, हे फार शहाणपणाचं झालं. पूर्वी फॉर्म आठवड्यानं जात. एप्रिल २०२१ पासून नव्या ऑनलाइन पोर्टलवर माहिती रोजच्या रोज भरायची सोय झाली आणि आजारांची यादी १८ वरून ३३ वर गेली. सुट्टीवर आलेला जवान तापानं फणफणून गावच्या आरोग्य केंद्रात गेला, तर त्याची नोंद याच पोर्टलवर पडते. ती त्याच्या पलटणीच्या डॉक्टरपर्यंत त्याच दिवशी पोचायला हवी.