मिश्रणजन्य घनफळबदल, सेंद्रिय द्रवांतील

दोन किंवा अधिक द्रव एकाच तापमानाला व दाबाला एकमेकांत पूर्ण मिसळले असता बनणाऱ्या विद्रावाचे घनफळ आणि मूळ द्रवांच्या घनफळांची बेरीज यांतील फरक. विद्राव बेरजेपेक्षा कमी भरला तर आकुंचन आणि जास्त भरला तर प्रसरण झाले असे म्हणतात. एक मोल (रेणूंची ठरावीक संख्या असलेले पदार्थाचे परिमाण) मिश्रणासाठी मोजलेल्या या फरकाला आधिक्य घनफळ ही संज्ञा असून आकुंचनासाठी ते ऋण धरतात. वस्तुमानात काहीच बदल होत नसल्याने घनफळबदलाची नोंद व्यवहारात बहुधा घनतेवरून केली जाते. बहुतेक सेंद्रिय जोड्यांत हा फरक घनफळाच्या एक टक्क्याच्या आत राहतो.

इतिहास : पाणी व मद्यार्क (एथिल अल्कोहॉल) ही या विषयातील सर्वांत जुनी जोडी होय. तीतील एकच घटक सेंद्रिय असला, तरी पुढचा सगळा वाद तिच्याभोवतीच फिरल्याने तिचा येथे विचार करणे भाग आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर यांनी १७३३ च्या सुमारास मिसळलेल्या द्रवांच्या घनफळावर पॅरिसच्या अकादमीपुढे निबंध वाचला होता. काटेकोर मोजमापांना चालना मिळाली ती मात्र करवसुलीमुळे. मद्यावरील जकात ठरवण्यासाठी ब्रिटिश सरकारने रॉयल सोसायटीकडे सल्ला मागितला. चार्ल्स ब्लॅग्डेन यांनी १७९० मध्ये अहवाल दिला आणि जॉर्ज गिल्पिन यांची घनतेची विस्तृत कोष्टके १७९४ मध्ये प्रसिद्ध झाली. गे-ल्युसॅक यांची अल्कोहॉलमापनाची कोष्टके १८२४ मधील आहेत.

डी. आय. मेंडेलेव्ह यांनी १८६५ मध्ये सादर केलेल्या प्रबंधाचा विषयच ‘मद्यार्काचा पाण्याशी संयोग’ हा होता. शीर्षकातील ‘संयोग’ हा शब्द सूचक आहे. सर्वाधिक आकुंचन वजनाने सुमारे ४६ टक्के मद्यार्क असताना होते असे त्यांना आढळले. हे प्रमाण एका मद्यार्करेणूस पाण्याचे तीन रेणू असे पडते, म्हणून तेथे निश्चित रचनेचे हायड्रेट (पाण्याचे रेणू जोडलेले) संयुग बनत असावे, असा त्यांचा निष्कर्ष होता. १८८७ च्या ग्रंथात त्यांनी आणखी दोन हायड्रेटे सुचवली : मद्यार्काच्या एका रेणूस पाण्याचे बारा आणि तीन रेणूंस एक. (व्होडकाचे ४० टक्के प्रमाण याच प्रबंधातून आले ही कथा विश्वसनीय नाही. ते प्रमाण रशियात १८४३ च्या सुमाराचे मानतात आणि तेव्हा मेंडेलेव्ह नऊ वर्षांचे होते.)

हायड्रेट उपपत्तीवरील मुख्य आक्षेप साधा आहे. ५२ मिलि. मद्यार्क व ४८ मिलि. पाणी यांचे मिश्रण २०° से.ला सुमारे ९६.३ मिलि. भरते आणि दर १०० घनफळांमागे होणारे आकुंचन याच सुमारास सर्वाधिक असते. तीच निरीक्षणे दर मोलमागे मांडली, तर कमाल आकुंचन (सुमारे १.०७ घ.सेंमी. प्रतिमोल, २५° से.) मद्यार्काचा मोल-अंश (एकूण मोलांतील त्याचा वाटा) ०.४ च्या आसपास असताना दिसते. म्हणजे भाजक बदलला की ‘हायड्रेट’ही बदलते. संयुगाचे रेणवीय प्रमाण मोजणाऱ्याच्या सोयीवर अवलंबून असू शकत नाही. त्यामुळे आलेखातील कमाल बिंदूवरून संयुग ठरवण्याची पद्धत आता मागे पडली आहे.

पाण्याच्या मोठ्या साठ्यात मद्यार्काचा अत्यल्प अंश मिसळला, तर त्याचे आंशिक मोलर घनफळ (त्याचा एक मोल मिसळल्याने मिश्रणाच्या घनफळात पडणारी भर) सुमारे ५५ घ.सेंमी. येते. शुद्ध मद्यार्कासाठी ते ५८.७ असते. मद्यार्क वाढवत नेला की ही संख्या लगेच वाढत नाही. आधी ती आणखी घटते आणि मग चढू लागते. एच. एस. फ्रँक व एम. डब्ल्यू. एव्हान्स यांनी १९४५ मध्ये अध्रुवी (विद्युत् भार असमान वाटलेला नसलेल्या) गटांभोवती पाण्याची ‘हिमनगासारखी’ मांडणी होते असे सुचवले होते आणि ही घट त्या कल्पनेशी जोडली गेली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या न्यूट्रॉन विवर्तनाच्या (न्यूट्रॉनांच्या विखुरण्यावरून अणूंची मांडणी ओळखण्याच्या) अभ्यासात मात्र मेथॅनॉलच्या संहत विद्रावातील पाण्याची रचना शुद्ध पाण्याच्या रचनेच्या पुष्कळ जवळ आढळली आणि दोन्ही घटकांचे रेणू सूक्ष्म पातळीवर गटागटाने राहतात असे दिसले. या पुराव्यानंतर हिमनगाची कल्पना शब्दशः घेणे कठीण झाले आहे.

निव्वळ सेंद्रिय जोड्या : शालेय पुस्तकांत या विषयासाठी वाटाणे व मोहरी यांचा दृष्टांत देतात. लहान रेणू मोठ्या रेणूंच्या फटींत बसतात, म्हणून घनफळ घटते, असे त्याचे तात्पर्य. मिश्रण फुगते कसे, याला त्यात उत्तर नाही. बेंझीन व सायक्लोहेक्झेन समान मोल प्रमाणात मिसळल्यास २५° से.ला प्रतिमोल सुमारे ०.६५ घ.सेंमी. प्रसरण होते. ॲसिटोन व कार्बन डायसल्फाइड यांच्यात ते १ घ.सेंमी.च्या आसपास आहे. हेक्झेन व परफ्ल्युओरोहेक्झेन यांच्यात ते ५ घ.सेंमी.च्या जवळ, म्हणजे जवळजवळ तीन टक्के होते. बेंझीन व कार्बन टेट्राक्लोराइड यांच्यात जवळपास शून्य बदल होतो. निकट नात्याच्या द्रवांत (उदा., क्लोरोबेंझीन व ब्रोमोबेंझीन) बदल नगण्य असतो, हे सिडनी यंग व एमिली फोर्टी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवले होते.

रेणूंमधील आकर्षण वाढले की आकुंचन, घटले की प्रसरण, हा समजही पुरा पडत नाही. बेंझीन व हेक्झाफ्ल्युओरोबेंझीन मिसळताना उष्णता बाहेर पडते, म्हणजे भिन्न रेणूंत आकर्षण आहे. तरी घनफळ वाढते. हेक्झेन व हेक्झाडेकेन मिसळताना थोडी उष्णता शोषली जाते, तरी घनफळ प्रतिमोल सुमारे अर्धा घ.सेंमी. घटते. केवळ आधिक्य घनफळाच्या चिन्हावरून ‘प्रबळ आंतररेणवीय क्रिया’ सिद्ध झाल्याचे सांगणारे शोधनिबंध विपुल आहेत. ते सावधपणेच वाचावेत.

उपपत्ती : जी. स्कॅचर्ड यांनी १९३७ मध्ये आधिक्य घनफळ हे विद्रावाची संपीड्यता (दाबाने घनफळ घटण्याचे प्रमाण) व आधिक्य मुक्त ऊर्जा (आदर्श मिश्रणाच्या तुलनेतील कार्यक्षम ऊर्जेचा फरक) यांच्या गुणाकाराएवढे असावे असे मांडले. बेंझीन-सायक्लोहेक्झेनसाठी या सूत्राने मिळणारे मूल्य प्रत्यक्षाच्या सुमारे निम्मेच येते. चिन्ह तेवढे बरोबर मिळते. पुढे आय. प्रिगोझीन आणि १९६५ मध्ये पी. जे. फ्लोरी यांनी मांडलेल्या विचारांतून, डी. पॅटर्सन यांच्या विवेचनासह, आज प्रचलित असलेली त्रिपदी उपपत्ती तयार झाली. तिच्यात घनफळबदल तीन भागांत विभागतात. परस्परक्रियेचे (भिन्न रेणूंमधील आकर्षणाच्या फरकाचे) पद बहुधा धन असते. मुक्त घनफळाचे (रेणूंमधील मोकळ्या जागेचे) पद नेहमी ऋण असते, कारण सैल द्रव दाट द्रवाच्या सहवासात जितका आवळतो तितका दाट द्रव फुगत नाही. तिसरे, आंतरिक दाबाचे (रेणूंच्या एकमेकांवरील ओढीतून येणाऱ्या दाबाचे) पद, दोहोंपैकी कोणत्याही चिन्हाचे असू शकते. हेक्झेन-हेक्झाडेकेनमधील आकुंचन दुसऱ्या पदामुळे होते हे यातून नीट उलगडते. हायड्रोजन बंध असलेल्या द्रवांसाठी हीच उपपत्ती अपुरी पडते.

मापन : घनतामापक कुपीने केलेले जुने मापन कष्टाचे असे. आर. एच. स्टोक्स व सहकाऱ्यांनी १९७० मध्ये वर्णिलेल्या अखंड विरलन पद्धतीच्या प्रसरणमापकात दोन्ही द्रव पाऱ्याने विलग ठेवून टप्प्याटप्प्याने मिसळतात व घनफळातील फरक थेट वाचतात. बेंझीन-सायक्लोहेक्झेन ही अशा उपकरणांची कसोटीची जोडी ठरली आहे. १९६९ मध्ये ओ. क्रॅट्‌की व सहकाऱ्यांनी कंपनशील नळीचा (द्रव भरलेल्या नळीच्या कंपनांवरून घनता देणारा) घनतामापक प्रसिद्ध केला आणि बहुतेक प्रयोगशाळांत आता तोच वापरतात. मोलर घनफळ १०० घ.सेंमी. व घनता १ च्या आसपास असता घनतेतील ०.००००१ एवढी चूक आधिक्य घनफळात ०.००१ घ.सेंमी.ची चूक आणते.

तापमानाकडे दुर्लक्ष केल्यास निष्कर्ष पार फसतो. बेंझीन व सायक्लोहेक्झेन मिसळताना प्रतिमोल सुमारे ८०० जूल उष्णता शोषली जाते. बाहेरून उष्णता मिळाली नाही तर मिश्रण पाच-साडेपाच अंशांनी थंड होते आणि या थंडीने होणारे आकुंचन मिश्रणाच्या प्रसरणाएवढेच, सुमारे ०.६५ टक्के भरते. उष्णतारोधक भांड्यात पाहणाऱ्याला म्हणूनच काहीच घडले नाही असे वाटेल. मद्यार्क व पाणी यांत उलट घडते : मिश्रण तापते आणि निवेपर्यंत आकुंचनाचा काही भाग झाकलेला राहतो.

व्यवहार : अबकारी खात्याच्या कोष्टकांत आकुंचन आधीच धरलेले असते. त्यामुळे १०० लिटर मद्यार्क निम्म्या तीव्रतेला आणण्यासाठी त्यात १०० लिटरपेक्षा अधिक पाणी लागते. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांतून निघणारे एथॅनॉल पेट्रोलमध्ये मिसळतात, तेथे पाण्यातल्यासारखे आकुंचन होत नाही. हेप्टेनसारख्या हायड्रोकार्बनांबरोबर एथॅनॉलचे मिश्रण किंचित फुगते, कारण अल्कोहॉलचे आपसांतील हायड्रोजन बंध तुटतात. कच्च्या तेलात हलके हायड्रोकार्बन मिसळताना मात्र घट होते. तेलनळांवरील हिशेबात ती धरण्यासाठी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची सूत्रे वापरतात.