मिठाच्या पाण्याने टीशर्टवरची छपाई पक्की होत नाही

छापील टीशर्ट पहिल्या धुण्याआधी रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवला की त्यावरची छपाई पक्की होते, असा सल्ला घरोघरी वर्षानुवर्षे दिला जातो. तो चुकीचा आहे. छपाई पक्की होते ती कारखान्यात, उष्णतेने. तिथे ती कच्ची राहिली असेल, तर मीठ, व्हिनेगर किंवा तुरटी यांपैकी कशानेही ती सुधारत नाही.

स्क्रीन प्रिंटिंगमध्ये चौकटीवर ताणलेल्या जाळीला प्रकाशसंवेदी लेप देऊन केवळ नक्षीपुरता भाग उघडा ठेवला जातो आणि रबरी पट्टीने शाई त्यातून कापडावर ओढली जाते. टीशर्टांसाठी सर्रास वापरली जाणारी प्लास्टिसॉल शाई म्हणजे द्रव प्लास्टिसायझरमध्ये, म्हणजे प्लास्टिक मऊ ठेवणाऱ्या द्रवात, मिसळलेले पीव्हीसी या प्लास्टिकचे बारीक कण. ही शाई हवेत वाळतच नाही, जाळीवर दिवसभर ओलीच राहते. सुमारे १६० अंश सेल्सिअसला हे कण तो द्रव शोषून फुगतात, एकमेकांत मिसळतात आणि धाग्यांना धरून बसणारा सलग थर तयार होतो. मात्र हे तापमान थराच्या तळापर्यंत पोहोचावे लागते, आणि घाई झाली की नेमके तेच राहून जाते: वरून छपाई कोरडी लागते, पण कापड ताणताच तिला तडे जातात.

मिठाचा समज रंगाईतून आला असावा, कारण सुती कापड रिॲक्टिव्ह रंगांत, म्हणजे धाग्याशी रासायनिक बंध जोडणाऱ्या रंगांत, बुडवताना रंग धाग्याकडे ढकलण्यासाठी मीठ खरोखरच घालतात. छपाईच्या थराशी त्याचा संबंध नाही. टीशर्ट उलटा करून थंड पाण्यात धुवावा आणि छपाईवर थेट इस्त्री फिरवू नये, कारण प्लास्टिसॉल उष्णतेने पुन्हा मऊ होऊन इस्त्रीला चिकटते.