थियन हॉक केंग मंदिर

सिंगापूरच्या तेलोक आयर रस्त्यावरील माझू देवीचे जुने मंदिर. चीनच्या फुजियान प्रांतातून आलेल्या होक्कियन भाषकांनी ते १८३९ ते १८४२ या काळात बांधले. आज समोर उंच इमारती दिसतात. त्या काळी मात्र समुद्र जवळजवळ दारापर्यंत येत असे. १८८० च्या सुमारास भराव घातला गेला आणि किनारा दूर सरकला.

माझू ही दर्यावर्दी लोकांची रक्षणकर्ती. मेइझोऊ बेटावर दहाव्या शतकात जन्मलेली लिन मो ही मुलगी पुढे देवीपदाला पोहोचली, अशी श्रद्धा आहे. शिडाच्या जहाजातून दक्षिण समुद्र पार करणे म्हणजे जिवावरचा खेळ. त्यामुळे किनाऱ्याला पाय लागताच आधी उदबत्ती लावून देवीचे उपकार मानायचे, मग काम शोधायचे, असा रिवाज पडला. मोठे मंदिर होण्यापूर्वी इथल्या छोट्या देवळातही हेच चाले. देवीची मूर्ती १८४० मध्ये चीनहून आली, तेव्हा तिची वाजतगाजत मिरवणूक निघाली.

बांधकामाला सर्वांत मोठी देणगी व्यापारी तान तॉक सेंग यांची; देणगीदारांची नावे शिलालेखात कोरली आहेत. लाकूडकाम खिळ्यांविना, सांध्यात सांधा बसवून केलेले आहे. छपराच्या कण्यावरचे ड्रॅगन रंगीत चिनीमातीच्या भांड्यांच्या तुकड्यांनी मढवलेले आहेत; ते जवळून पाहावेत. नंतरच्या डागडुजीत ग्लासगोचे बिडाचे फाटकही बसले. सम्राट ग्वांगशू यांच्याकडून १९०७ मध्ये आलेल्या फलकावर दक्षिण समुद्राच्या लाटा शांत राहोत, अशा अर्थाची चार अक्षरे आहेत.

पण या मंदिराचे खरे मोल पूजेपलीकडे आहे. ज्यांचे इथे कुणीच नव्हते, त्यांना आपली माणसे भेटण्याचे हे ठिकाण होते. होक्कियन समाजाची संस्था, होक्कियन ह्वे क्वान, याच आवारातून काम करू लागली. तिथे तंटे मिटत, अडल्यानडल्यांना मदत मिळे. पुढे शाळाही निघाल्या: १९१२ ची आय तोंग आणि १९१५ ची चोंग हॉक ही मुलींची शाळा. मुलींच्या शिक्षणाला मंदिराच्या आवारात जागा मिळाली, याचे महत्त्व फार मोठे आहे.

मागच्या भागात करुणेची देवता ग्वानयिन आहे. त्याच रस्त्यावर दक्षिण भारतातून आलेल्या मुसलमानांचा नागोर दर्गाही आहे. १९७३ मध्ये मंदिराला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला, तर जीर्णोद्धारानंतर २००१ मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत वारसा पुरस्कार. चांद्र पंचांगाच्या तिसऱ्या महिन्यातील तेविसाव्या दिवशी माझूचा जन्मोत्सव साजरा होतो.