गरम पाण्याच्या नळातला जीवाणू

विज्ञान महाविद्यालयांची वार्तापत्रं मी आवडीने वाचतो. पहिल्या पानावर सामंजस्य करार, परिषदेचं उद्घाटन, कुणाकुणाला मिळालेले पुरस्कार. ‘क्रांतिकारी संशोधन’ हे शब्द दोन-तीनदा येऊन गेलेले असतात. आणि शेवटच्या पानावर, जागा उरली म्हणून छापल्यासारखी एखादी ओळ: अमुक विद्यार्थ्याने जीवाणूचा नवा प्रकार वेगळा केला. मी आधी ती ओळ शोधतो, आणि त्याला कारण आहे ‘थर्मस ॲक्वाटिकस’ नावाचा जीवाणू.

१९६६ साली अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात थॉमस ब्रॉक हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या गरम झऱ्यांमध्ये काय जगतं याचा शोध घेत होते. हडसन फ्रीझ हा पदवीचा विद्यार्थी त्यांच्या हाताखाली होता. तोवर उष्णताप्रेमी जीवाणू शोधणारे लोक नमुने साधारण ५५ अंश सेल्सिअसला ठेवायचे आणि त्यात जे वाढेल त्याचाच अभ्यास करायचे. या दोघांनी तापमान ७० अंशांच्या घरात नेलं. मशरूम स्प्रिंग या झऱ्याच्या नमुन्यातून पिवळ्या रंगाचे जीवाणू वाढले, तेच थर्मस ॲक्वाटिकस. ७० अंशांना ते दर ५० मिनिटांनी दुप्पट होत होते. १९६९ साली त्यावर निबंध प्रसिद्ध झाला. मला त्यातली सगळ्यात गोड गोष्ट वेगळीच वाटते. हाच जीवाणू गरम झऱ्यांपासून कितीतरी दूर, साध्या गरम पाण्याच्या नळातूनही मिळाला होता! तो तिथे आधीपासून होता, पण त्याला हवं तेवढं तापमान देऊन कुणी बघितलं नव्हतं.

त्याचं मोल कळायला मात्र पीसीआर, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची पद्धत, यावी लागली. ही पद्धत समजून घेण्यासारखी आहे. डीएनएचे दोन धागे, म्हणजे रासायनिक ‘अक्षरां’च्या दोन माळा, एकमेकांना चिकटलेले असतात. ९५ अंशांपर्यंत तापवलं की ते सुटतात. मग तापमान ५५ अंशांच्या आसपास उतरवायचं. प्रायमर नावाचे साधारण २० अक्षरांचे छोटे तुकडे सुट्या धाग्यांवर आपापली जागा धरतात. त्यानंतर ७२ अंशांना पॉलिमरेज हे एन्झाइम प्रायमरच्या टोकापासून पुढे एकेक अक्षर जोडत नेतं. एकाचे दोन झाले. पुन्हा ९५, दोनाचे चार. अशी ३० आवर्तनं झाली की हिशेबाने १०७ कोटींहून अधिक प्रती होतात, आणि त्याही ०.२ मिलिलिटरच्या, करंगळीच्या पेराएवढ्या नळीत.

सीटस कंपनीत काम करताना कॅरी मुलिस यांना ही कल्पना १९८३ साली सुचली. अडचण एकच होती. सुरुवातीला वापरलेलं एन्झाइम ई. कोलाय या जीवाणूचं होतं. ९५ अंशांना त्याची घडी उलगडायची आणि ते निकामी व्हायचं. त्यामुळे प्रत्येक आवर्तनात नळी उघडून ताजं एन्झाइम घालावं लागे. थर्मस ॲक्वाटिकसचं पॉलिमरेज, म्हणजे टॅक, तोवर वेगळं करून झालं होतं. सिनसिनाटी विद्यापीठातल्या एलिस चिएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९७६ सालीच केलं होतं. टॅक ९५ अंशांना सुमारे ४० मिनिटं ठेवलं तरी त्याची निम्मी ताकद शिल्लक राहते. एकदा घाला आणि यंत्राचं झाकण लावा.

पण टॅक नुसतं टिकतं एवढंच बहुतेक ठिकाणी सांगतात, आणि खरी गंमत राहून जाते. माणसाच्या डीएनएच्या एका संचात साधारण ३०० कोटी अक्षरं आहेत. अक्षरं चारच, त्यामुळे २० अक्षरांचे एक लाख कोटींहून जास्त वेगवेगळे क्रम होऊ शकतात. म्हणून प्रायमरशी तंतोतंत जुळणारी दुसरी जागा योगायोगाने सापडणं जवळपास अशक्य. मात्र त्यातली टोकाकडची १२ अक्षरंच जुळतील अशा जागा नुसत्या योगायोगाने पावणेदोनशेच्या आसपास निघतात. जुनं एन्झाइम ३७ अंशांना काम करायचं, आणि एवढ्या थंडाव्यात अर्धवट जुळलेला प्रायमरही चिकटून राहतो. ती चुकीची प्रतही मग दुप्पट, चौपट होत जाते. तापमान वाढवलं की हे कच्चे बंध तुटतात आणि पक्का जुळलेला प्रायमरच जागा धरून राहतो. टॅक गरमातच काम करत असल्यामुळे ही निवड आपोआप होते. म्हणजे उष्णतेने नेमकेपणा आला.

दुपटीचं हे गणित लक्षात न घेतल्यामुळे करोनाच्या काळात मोठा घोळ झाला. करोनाच्या पीसीआर चाचणीच्या अहवालातला सीटी आकडा लोक परीक्षेतल्या गुणांसारखा एकमेकांना सांगत होते. कितव्या आवर्तनात यंत्राला खूण दिसली, एवढंच तो आकडा सांगतो. १८ आणि २८ यांत दहा आवर्तनांचा, म्हणजे नमुन्यातल्या विषाणूच्या प्रमाणात सुमारे हजारपटीचा फरक असतो. पण नाकात काडी नीट फिरली नाही तरीही हा आकडा बदलतो. त्यावरून आजार किती गंभीर आहे हे ठरवणारे संदेश हजारो घरांत फिरले आणि माणसं विनाकारण घाबरली, किंवा विनाकारण निर्धास्त झाली. दुसरं जास्त वाईट.

टॅकमध्ये कुठलाही अद्भुत घटक नाही. आपल्या प्रथिनांत असतात तीच अमिनो आम्लं, एकूण ८३२. फक्त आतला गाभा घट्ट बसलेला आणि विरुद्ध विद्युतभारांच्या जोड्या मोक्याच्या जागी. त्याची एक उणीव मात्र आहे. चुकीचं अक्षर जोडलं गेलं तर मागे येऊन ते खोडणं त्याला जमत नाही. जिथे एकही चूक चालत नाही तिथे पायरोकॉकस फ्युरिओससचं पॉलिमरेज वापरतात, ते स्वतःची चूक दुरुस्त करतं. हा सूक्ष्मजीव इटलीच्या वल्कानो बेटावरच्या तापलेल्या सागरी गाळात सापडला, १९८६ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं, आणि त्याला १०० अंश मानवतात.